एका वाक्याचा नाच: शब्द, शरीर, कोळसा आणि कॅमेरा यांतून रचना कशी उभी करावी

प्रयोगशील नृत्य म्हटलं की आपल्याकडे कामाची एक पद्धत ठरून गेली आहे. आधी विषय: स्थलांतर, नदी, शहर, बाईचं शरीर. मग वाचन आणि चर्चा. मग त्यातून निघालेला विचार शरीराने ‘व्यक्त’ करायचा, आणि तो पोचणार नाही अशी शंका आली की मागच्या पडद्यावर व्हिडिओ लावायचा. यात हालचाल विचारामागे फरपटत जाते आणि व्हिडिओ हालचालीमागे. तीन माध्यमं मिळून एकच गोष्ट तीनदा सांगतात.

इथे उलट बाजूने जायचं आहे. एक साधं वाक्य घ्यायचं आणि ते काटेकोर नियमाने शरीरात, मग बोलण्यात, मग कागदावर, मग कॅमेऱ्यात न्यायचं. प्रत्येक माध्यम त्यातलं काहीतरी गाळतं. जिथे गळतं तिथे नव्याने ठरवावं लागतं, आणि नाचणाऱ्याचा विचार त्या ठरवण्यात घडतो. तालमीआधी तो डोक्यात तयार नसतो.

ही वाट अमेरिकन नृत्यरचनाकार ट्रिशा ब्राउन (१९३६–२०१७) यांनी मळलेली आहे. १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या जडसन मेमोरियल चर्चमध्ये जमलेल्या नर्तकांपैकी त्या एक. भिंतीवरून माणूस चालवणं, गच्चीवरून गच्चीवर हालचाल पाठवणं, नाचता नाचता गोष्ट सांगणं, पायाच्या बोटांत कोळसा धरून चित्र काढणं, हे सगळं त्यांनी केलं. इथे आपण मुख्यतः त्यांच्या १९७५ च्या ‘लोकस’ या रचनेचा धागा पकडणार आहोत. त्यात त्यांनी स्वतःभोवती एक घन कल्पिला आणि त्यावर २७ बिंदू ठरवले: ८ कोपरे, १२ कडांचे मध्य, ६ बाजूंचे मध्य आणि १ आतला मध्यबिंदू. २६ बिंदूंना इंग्रजीची २६ अक्षरं दिली, मधला बिंदू शब्दांमधल्या मोकळ्या जागेला. मग स्वतःविषयीची साधी चरित्रात्मक माहिती त्या बिंदूंवरून शरीराने ‘लिहिली’. हालचालींचे अभ्यासक रुडॉल्फ लाबान यांनीही शरीराभोवतीच्या अवकाशाच्या अशाच २७ दिशा मानल्या होत्या, त्यामुळे ही भूमिती तशी नवी नव्हती. नवं होतं ते तिच्यावर मजकूर चढवणं.

तयारी

साधारण दहा बाय दहाची मोकळी जागा पुरते. फर्निचर भिंतीला सरकवा आणि छताचा पंखा बंद करा. हे मी विनोदाने म्हणत नाही. वरच्या थरातल्या अक्षरांना हात पूर्ण उंच जातो, कधी उडीही लागते, आणि जुन्या इमारतीत पंखे खाली असतात. फरशीवर सतरंजी घालू नका, सरकते. गुडघे टेकायचे असतील तर नी-कॅप घाला.

लागणारं सामान: मास्किंग टेप, वही, फोन आणि त्याला स्टँड, ब्राउन पेपरचा रोल, चित्रकलेच्या दुकानात मिळणाऱ्या चारकोलच्या कांड्या. आणि एक माणूस, जो बघेल आणि लिहून घेईल. तो नाचणारा नसला तर जास्त चांगलं. नाचणारे लोक बघता बघता दुरुस्त करायला लागतात.

पहिली पायरी: वाक्य

वाक्य रोजच्या व्यवहारातलं हवं, त्यात विशेषण नको आणि कविता तर नकोच. कवितेची ओळ घेतली की शरीर लगेच अर्थाच्या मागे धावतं: ‘आभाळ’ आलं की हात वर, ‘माती’ आली की गुडघे खाली. ब्राउन यांनी कोरडी चरित्राची माहिती घेतली, ती म्हणूनच सोयीची ठरली. नमुन्यासाठी मी हे वाक्य घेते:

नळ सकाळी सहाला येतो.

दुसरी पायरी: घन आखणं

जमिनीवर साडेचार फुटांचा चौकोन टेपने आखा. त्याचे चार कोपरे, चार बाजूंचे मध्य आणि केंद्र अशा नऊ जागांवर टेपची फुली मारा. हा तळाचा थर. मधला थर कमरेच्या उंचीवर, वरचा थर हात ताणून उंच केल्यावर बोटं पोचतात तिथे. वरच्या दोन थरांसाठी दोऱ्या टांगायच्या भानगडीत पडू नका. जमिनीवरच्या फुलीच्या बरोबर वर, कमरेशी आणि हाताच्या टोकाशी, एवढं डोळ्यांत बसलं की झालं. साडेचार फूट यासाठी, की कोपरे एक पाऊल न टाकता, पण अंग ताणूनच गाठता यावेत. चौकोन लहान केलात तर सगळं आरामात होतं आणि नाच मरतो.

आता अर्धा तास अक्षरांशिवाय नुसते बिंदू शोधा. बघणाऱ्याने ‘तळ, मागे, डावीकडे’ असं म्हणायचं, तुम्ही तिथे काहीतरी पोचवायचं. डोळे मिटूनही करून पाहा. मागचे बिंदू सगळ्यांचेच सुरुवातीला भरकटतात, कारण पाठीमागची जागा आपण एरवी वापरतच नाही.

तिसरी पायरी: अक्षरं बसवणं

इंग्रजीची २६ अक्षरं बाहेरच्या २६ बिंदूंवर आयती बसतात. मराठी वर्णमाला तशी बसत नाही, म्हणून मी पुढची मांडणी वापरते. महाप्राण वर्णांना वेगळा बिंदू नाही: ख, घ, छ, झ, ठ, ढ, थ, ध, फ, भ हे अनुक्रमे क, ग, च, ज, ट, ड, त, द, प, ब यांच्याच बिंदूवर येतात, फक्त तिथे पोचताना श्वास ऐकू येईल असा बाहेर टाकायचा आणि वजन खाली सोडायचं. ङ आणि ञ मराठीत सुटे भेटत नाहीत, ते गाळले. ष हा श च्या जागी. उरतात क ग च ज ट ड ण त द न प ब म य र ल व श स ह ळ अशी २१ व्यंजनं. स्वतंत्र येणाऱ्या स्वरांचे ह्रस्व-दीर्घ एकत्र धरले तर अ इ उ ए ओ हे ५. झाले २६.

बसवण्याचा क्रम असा. प्रत्येक थरात आधी पुढची ओळ, मग मधली, मग मागची. प्रत्येक ओळ तुमच्या डावीकडून उजवीकडे.

तळ: क ग च / ज ट ड / ण त द
मध्य: न प ब / म (मोकळी जागा) य / र ल व
वर: श स ह / ळ अ इ / उ ए ओ

म्हणजे ट दोन पायांच्या मधोमध जमिनीवर, अ डोक्याच्या बरोबर वर, ल पाठीमागे कमरेशी. शब्द संपला की मध्यबिंदूवर, म्हणजे स्वतःच्या अंगाशी यायचं. कागदावर ही मांडणी मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला लावा.

वेळेचा नियम छंदशास्त्रातला उचलायचा: ह्रस्वाला एक मात्रा, दीर्घाला दोन. स्वर कोणता याकडे पहिल्या खेपेला लक्ष देऊ नका, फक्त लांबी सांभाळा. अनुस्वाराला स्वतःचा बिंदू नाही, डोकं त्या अक्षराच्या दिशेला वळतं. जोडाक्षर आलं की दोन्ही बिंदू एकाच वेळी, शरीराच्या दोन वेगळ्या भागांनी. ‘रस्ता’ करून बघा. ‘स्ता’ला एक भाग समोर वर आणि दुसरा मागे जमिनीवर, म्हणजे हात आणि पाय एकमेकांपासून जास्तीत जास्त लांब. ‘ज्ञ’ मराठी उच्चाराप्रमाणे द, न, य असे तीन बिंदू मागतो. सुरुवातीच्या वाक्यात ‘विज्ञान’ नको, एवढंच सांगते.

चौथी पायरी: वाक्य शरीरात

दोन नियम पाळायचे. शरीराचा एकच भाग लागोपाठ दोन अक्षरांना वापरायचा नाही. आणि उजवा हात पूर्ण वाक्यात फार तर दोनदा. बाकी कोपर, गुडघा, टाच, खांदा, कपाळ, कुल्ला, सगळं चालतं.

आता ‘नळ सकाळी’ बघू. न कमरेच्या उंचीवर डावीकडे पुढे आहे: डावा गुडघा उचलला. ळ डाव्या बाजूला वर: गुडघा हवेतच असताना डाव्या हाताची पालथी बाजू. मोकळी जागा: दोन्ही अंगाशी. स समोर वर: उजवं कोपर. का तळाला पुढे डावीकडे, दोन मात्रा: उजवा पाय डाव्यावरून ओलांडून तिकडे पोचतो. आणि आता ळी, पुन्हा डावीकडे वर, पुन्हा दोन मात्रा. पाय ओलांडलेला, वजन दोन्हींच्या मध्ये अडकलेलं, वर जायचं तर धड पिळावं लागतं. खांदा आधी जातो, हात मागाहून. ही पीळ कोणी ‘सुचवलेली’ नाही. आरशासमोर तासभर उभं राहून ‘काहीतरी वेगळं’ शोधलं असतं तरी ती सापडली नसती. क नंतर ळ आला म्हणून ती आली.

पुढे ‘सहाला’मध्ये हा उजवीकडे समोर वर आणि लगेच ला पाठीमागे कमरेशी. इथे बहुतेक जण कोपर मागे मारतात, कारण ते सोपं. मी कुल्ला मागे न्यायला सांगते: हात वर पुढे राहिलेला, बूड मागे, आणि दोन मात्रा तिथेच थांबायचं. दिसायला बेंगरूळ दिसतं. ते सुधारू नका. सुंदर करायचा मोह आला की नियम ढिला होतो, आणि नियम ढिला झाला की शरीर आपल्या सवयीच्या हालचालींवर परत येतं: भरतनाट्यमवाल्यांचं अर्धमंडल (गुडघे बाहेर वळवून अर्धं बसणं), कथकवाल्यांची मनगटं, कंटेम्पररी शिकलेल्यांचं ते कायमचं जमिनीवर लोळणं.

या वाक्याच्या मात्रा मोजल्या तर सोळा भरतात (१+१, १+२+२, १+२+२, २+२). सोळा मात्रांचा तीनताल शिकलेल्यांचे कान टवकारतील. योगायोग आहे, सोडून द्या. तबला मागे लावलात तर समेवर यायची घाई होईल आणि शब्दांमधल्या मोकळ्या जागा, ज्यांना मात्रा दिलेली नाही, त्या चिरडून जातील.

पाचवी पायरी: एकेक जोडत जाणं

हे दहा अक्षरांचं वाक्य आता पाठ करायचं, तेही ब्राउन यांच्या १९७१ च्या ‘ॲक्युम्युलेशन’ या रचनेच्या पद्धतीने. त्या एका जागी उभ्या राहून अंगठे बाहेर काढलेल्या मुठी फिरवण्यापासून सुरुवात करत आणि एकेक हालचाल जोडत जात, मागे ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडचं गाणं. म्हणजे पहिली, पहिली-दुसरी, पहिली-दुसरी-तिसरी. आपल्या दहा अक्षरांना अशा ५५ हालचाली होतात. मधल्या मोकळ्या जागा तशाच ठेवायच्या.

साधारण पाचव्या-सहाव्या फेरीला एक गोष्ट घडते, तिच्याकडे लक्ष ठेवा. सुरुवातीची अक्षरं तुम्हाला आठवावी लागत नाहीत, ती होऊन जातात, आणि सगळं लक्ष नव्याने जोडलेल्या अक्षरावर जातं. बघणाऱ्याला हे बाहेरून दिसतं: पहिल्या भागात नजर मोकळी, शेवटाकडे नजर आत वळलेली. बघणाऱ्याने वहीत लिहायचं ते हे. कुठे विचार करत होतीस आणि कुठे नव्हतीस. हालचाल बरोबर की चूक याची नोंद त्याच्याकडून घेऊच नका.

बस-लोकलमध्ये सराव करायचा तर बोटांनी खुणेपुरता करा. संज्ञानशास्त्रज्ञ डेव्हिड कर्श यांनी नृत्यरचनाकार वेन मॅकग्रेगर यांच्या कंपनीतल्या नर्तकांचा अभ्यास करताना या खुणेच्या सरावाकडे खास लक्ष दिलं होतं. नर्तक पूर्ण हालचाल न करता हाताने, मानेने तिची छोटी खूण करतात, आणि तो आळस नसून शरीराने केलेला विचार असतो, असं त्यांचं म्हणणं. अनुभव तसाच आहे. तळव्यावर घन कल्पून तर्जनीने वाक्य फिरवून बघा, कुठे अडतं ते लगेच कळतं.

सहावी पायरी: बोलणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

१९७३ मध्ये ब्राउन यांनी ती एकेक जोडणारी रचना करता करता प्रेक्षकांशी बोलायला सुरुवात केली. १९७९ पर्यंत त्यात दुसरी एक अतिशय निसरडी, वेगवान रचना मिसळली आणि एकाऐवजी दोन गोष्टी आल्या. दोन नाच, दोन कथा, चारही आलटून पालटून, मध्येच तोडून आणि मध्येच उचलून.

आपल्याकडे बोलणं आणि नाचणं एकत्र येणं नवीन नाही. कथकमध्ये पढंत, म्हणजे नाचाचे बोल तोंडाने म्हणणं, आहे. पण पढंतीत तोंड आणि पाय एकाच बोलांवर काम करतात, एक दुसऱ्याला आधार देतो. इथे तो आधार काढून घ्यायचा आहे. शरीर ‘नळ सकाळी सहाला येतो’ लिहितंय, तोंड तिसरंच काही सांगतंय. नळाची गोष्ट सांगायची नाही.

गोष्ट कशी निवडायची? खरी घडलेली, तीन-चार मिनिटांची, पण तुम्ही आजवर कुणाला रंगवून सांगितलेली नाही अशी. पार्टीत हमखास हशा मिळवणारा किस्सा घेतलात तर तो पाठ असतो, तोंड आपोआप चालतं आणि प्रयोग फुकट जातो. आवाज घरात बोलतो तसा. संगीत नाटकातला नको.

पहिल्या दिवशी फक्त एकच करा: हालचाल सुरू करा, चौथ्या फेरीपासून बोला, फोनवर रेकॉर्ड करा. नंतर बघणाऱ्याच्या वहीशी ताडून पाहा की आवाज कोणत्या अक्षरावर अडखळला. बहुतेकांचं बोलणं वजन एका पायावरून दुसऱ्यावर जाताना तुटतं. आपल्या वाक्यात ‘काळी’च्या त्या पिळाशी हमखास. उलट, शरीर अडतं ते नाव, तारीख किंवा रक्कम आठवताना. ‘तेव्हा भाडं होतं...’ म्हणताच हात हवेत थांबतो. विचार ही काही वेगळी वरची गोष्ट नाही, तो त्याच शरीराची शिल्लक खर्च करतो, हे इथे उघड्यावर दिसतं. प्रेक्षकाला जे खिळवून ठेवतं ते हेच.

म्हणून नियम: अडखळलात तरी थांबायचं नाही, माफीचं हसायचं नाही, आणि पुन्हा मागे जाऊन दुरुस्त करायचं नाही. जो अडला त्याला अडू द्या, दुसरा चालू ठेवा. हात थांबला तर गोष्ट पुढे. गोष्ट थांबली तर अक्षर पुढे.

दुसऱ्या आठवड्यात बघणाऱ्याने टाळी वाजवायची. टाळीला बोलणं वाक्याच्या मध्येच तोडायचं, एक पूर्ण फेरी गप्प नाचायचं, पुढच्या टाळीला बरोबर त्याच शब्दापासून उचलायचं. शब्द आठवत नसेल तर त्या जागी कोणतं अक्षर चालू होतं ते आठवा, शब्द परत येतो. हे अनेकांना जमतं आणि प्रत्येकाला त्याचं आश्चर्य वाटतं.

सातवी पायरी: कागद

ब्राउन आयुष्यभर चित्रं काढत होत्या. २००२-०३ च्या सुमारास त्यांनी ‘इट्स अ ड्रॉ’ केलं: जमिनीवर मोठा कागद, हातापायांत कोळसा, आणि नाचता नाचता उमटणाऱ्या रेघा. प्रेक्षक त्या खोलीत नव्हते. ते दुसरीकडे बसून कॅमेऱ्यातून थेट बघत होते.

आपलं काम त्याहून साधं. ब्राउन पेपरचे तीन पट्टे मागच्या बाजूने टेप लावून जोडा, घनाच्या चौकोनावर पसरा, कडा जमिनीला चिकटवा. कागद सुटा राहिला तर घसरून पडाल. उजव्या हातात आणि डाव्या पायाच्या बोटांत कांडी धरून वाक्य करा, पण कांडी कागदावरून उचलायची नाही. म्हणजे वरची अक्षरंही जमिनीवरच येणार.

इथे घन चपटा होतो. २७ बिंदूंचे नऊच उरतात, कारण क, न आणि श तिन्ही एकाच फुलीवर पडतात. अ, ट आणि मोकळी जागा केंद्रात एकमेकांवर. ‘सहाला’मधला ला आणि ‘येतो’मधला तो एकाच ठिकाणी काळपट डाग होऊन बसतात. उंची कागदाने खाल्ली.

आता कांड्या ठेवा, कागद भिंतीला लावा आणि मूळ वाक्य विसरून तो कागद वाचा. पुढे डावीकडे रेघ पोचलीय, पण ती क की न की श? तुम्ही ठरवा. प्रत्येक डागाला थर द्या आणि नव्याने नाचा. निघणारं ‘वाक्य’ निरर्थक असेल, असू दे. हालचालीचा हा दुसरा साठा पहिल्याचा सख्खा भाऊ आहे पण त्याच्यासारखा दिसत नाही, आणि दोन नर्तकांना एकाच वेळी हे दोन साठे दिले तर त्यांच्यात कुठे कुठे अचानक जुळणी होते. ती जुळणी बसवायला जाऊ नका, नुसती टिपून ठेवा.

एक सावधगिरी. चारकोलच्या रेघा चटकन देखण्या दिसतात. लोक फोटो काढतात, फ्रेम करू म्हणतात. चित्र चांगलं यावं म्हणून मनगट गोल फिरायला लागलं की कागद फाडा.

आठवी पायरी: कॅमेरा

कागदाने उंची घेतली, कॅमेरा खोली घेतो. समोर ठेवलात तर वरचे श, ळ आणि उ पडद्यावर जवळजवळ एकाच जागी दिसतील, पुढेमागे कळणार नाही. बाजूने लावलात तर डावं-उजवं जाईल. त्यामुळे ‘सगळं नीट दिसेल असा’ कोन शोधण्यात वेळ घालवू नका. तसा कोन नसतो. काय गाळायचं ते ठरवा आणि कॅमेरा तिथे लावा, तोही हलणार नाही असा. मला फ्रेममध्ये फक्त मधला थर, मांड्यांपासून छातीपर्यंत, ठेवलेला आवडतो: हातपाय चौकटीबाहेर अक्षरं गाठायला जातात आणि धड त्याची किंमत चुकवताना दिसतं.

मग वेग. १९७८ मध्ये चित्रपटकार बबेट मँगोल्ट यांनी ब्राउन यांची ‘वॉटर मोटर’ ही जेमतेम दोन-तीन मिनिटांची एकल रचना चित्रित केली: एकदा नेहमीच्या वेगाने आणि पुन्हा सेकंदाला ४८ चौकटी घेऊन, म्हणजे पडद्यावर निम्म्या वेगाने. पहिल्यात जे निसटून जातं ते दुसऱ्यात उलगडतं. आपल्या फोनच्या स्लो-मोशनला १२० चौकटी सहज मिळतात. ३० ने दाखवल्या तर वेग चौपट मंद. ‘काळी’चा पीळ असा बघा. अक्षर आणि अक्षर यांच्यामधला प्रवास दिसेल, ज्याला मांडणीत बिंदूच नाही: ओठ दाबले जातात, डावी टाच जराशी उचलली जाते, नजर हाताच्या आधी पोचते. आता हा मंद व्हिडिओ जसाच्या तसा, त्याच मंद वेगाने, शरीराने पाठ करा. मांड्या थरथरतील. हा तिसरा साठा.

जागा खरंच नसेल, किंवा दुखापतीमुळे उभं राहता येत नसेल, तर नृत्यरचनाकार यव्हॉन रेनर यांचा १९६६ चा हस्तचित्रपट आठवा: शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयात असताना केलेला, पडद्यावर फक्त एक हात, बोटं वाकतात, एकमेकांना टेकतात. मघाचा तळव्यावरचा घन याच कामी येतो.

संगणकाच्या वाटेला जायचं असेल तर रस्ते बरेच आहेत. नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅम नव्वदच्या दशकात सॉफ्टवेअरवर आकृत्या हलवून हालचाली रचत होते. नृत्यरचनाकार विल्यम फोर्साइथ यांच्या १९९९ च्या सीडी-रॉममध्ये शरीराने हवेत काढलेल्या रेषा चित्रफितीवर उमटवून दाखवल्या आहेत. ब्राउन यांनीही २००५ मध्ये मोशन कॅप्चर, म्हणजे शरीराची हालचाल संगणकात टिपण्याचं तंत्र, वापरलं. पण कागद आणि फोन एवढ्यावर पहिली रचना पूर्ण करा. साधनं वाढली की ठरवणं साधनांकडे जातं.

नववी पायरी: दुसऱ्यांकडे देणं

१९७१ च्या ‘रूफ पीस’मध्ये न्यूयॉर्कच्या सोहो भागातल्या गच्च्यांवर नर्तक उभे होते. पहिल्याने केलेली हालचाल दुसऱ्याने बघून करायची, त्याची तिसऱ्याने. पंधरा मिनिटं एका दिशेने, मग उलट. शेवटच्या गच्चीवर पोचेपर्यंत हालचाल बदललेली असे, आणि बदल मुद्दाम करायचा नव्हता.

चार-पाच जण असाल तर सोसायटीच्या गच्चीवर किंवा लांब कॉरिडॉरमध्ये, एकमेकांपासून तीस-चाळीस फुटांवर उभे राहा. तुम्ही वाक्य करा. बाकीच्यांना मांडणी, अक्षरं, वाक्य काहीही सांगू नका. शेवटच्या माणसाचं काय झालं ते चित्रित करून त्याला स्वतःला दाखवा आणि त्याच्याकडून ते पक्कं करून घ्या. लांबून बघताना लहान हालचाली गळतात, मोठ्या फुगतात. पाण्याच्या टाकीवर आणि कठड्यावर कोणी चढायचं नाही, हे आधीच ठणकावून सांगा.

जुळवणी आणि प्रयोग

आता तुमच्याकडे मूळ वाक्य, गोष्ट, कागदावरून आलेली रचना, मंद रचना आणि गच्चीवरची बिघडलेली रचना आहे. सगळं दाखवायचं नाही. तीन घ्या, बारा-पंधरा मिनिटांत बसवा. बोलणं त्यात असलंच पाहिजे, असं माझं मत. ते काढलं की उरलेलं सगळं पटकन ‘अमूर्त’ म्हणून गिळलं जातं.

व्हिडिओ वापरायचा असेल तर नर्तक रंगमंचावर जे करतोय तेच पडद्यावर दाखवू नका. पडद्यावर मंद रचना चालू असेल तेव्हा माणूस कागदावरची करतोय, असं काहीतरी. आणि पडदा मागे मधोमध नको. बाजूला, जमिनीला टेकलेला, लहान.

दोनपेक्षा जास्त नर्तक असतील तर सगळं मोजून बसवण्याऐवजी ब्राउन यांनी १९८३ च्या ‘सेट अँड रिसेट’साठी नर्तकांना दिलेल्या पाच सूचना उसन्या घ्या: साधं ठेवा, दिसणं आणि न दिसणं यांच्याशी खेळा, काय करावं कळत नसेल तर रांगेत जा, रंगमंचाच्या कडेकडेने राहा, मनात येईल ते लगेच करा. पक्के पाठ असलेले साठे आणि या पाच सूचना एवढ्यावर चार जण वीस मिनिटं सहज टिकतात.

प्रेक्षकांना मांडणी आधी सांगायची का, यावरून आमच्यात नेहमी वाद होतो. मी आधी सांगत नाही. सांगितलं की लोक अक्षरं जुळवत बसतात आणि पीळ बघत नाहीत. बाहेर पडताना दाराशी मांडणीचा कागद ठेवा, ज्याला हवा तो नेईल, पार्किंगमध्ये उभं राहून स्वतःचं नाव करून बघेल. दुसऱ्या दिवशीही प्रयोग असेल तर वाक्य बदला, मांडणी तीच ठेवा, आणि नवं वाक्य प्रयोगाच्या चार तास आधी ठरवा, त्याहून आधी नको.